टोमॅटोचा ढीग पडला की

परसातली रोपं गणपतीनंतर लावलेली असली की संक्रांतीच्या आगेमागे सगळी एकदम भरात येतात. मग रोज सकाळी टोपली भरते आणि रोज संध्याकाळी प्रश्न पडतो, याचं करायचं काय. सूनबाई, अशा वेळी आधी गॅस पेटवू नकोस. आधी निवड. जुनी चादर अंथर आणि सगळा माल एका थरात पसर. एकावर एक रचलेले टोमॅटो तळाशी दबतात, आणि एक फुटला की त्याच्या पाण्याने शेजारचे चार नासतात.

टणक हिरवे एकीकडे काढ, पाडाला लागलेले दुसरीकडे, पुरते लाल तिसरीकडे. चिरलेले आणि मऊ पडलेले वेगळे ठेव; ते त्याच दिवशी शिजले पाहिजेत. पांढरी किंवा काळी लव दिसली तर तेवढाच भाग कापून फळ वाचवायला जाऊ नकोस. मऊ फळात बुरशी दिसते त्याहून आत जास्त पसरलेली असते, ते सरळ खताच्या खड्ड्यात टाक. बुडाला नुसता काळा सुकलेला चट्टा असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. झाडाला पाणी कधी जास्त, कधी कमी झालं की फळाला कॅल्शियम पुरत नाही आणि बूड काळं पडतं. तेवढं काप, उरलेलं आमटीत घाल. साठवणीसाठी मात्र असला किंवा अळीने पोखरलेला माल घ्यायचा नाही.

पाडाचे टोमॅटो फ्रिजमध्ये कोंबू नकोस. गारठ्यात पिकणं थांबतं आणि चवही जाते. देठाकडची बाजू खाली करून, उन्हापासून लांब, कागदावर सुटे सुटे ठेव. लवकर पिकवायचे असतील तर खोक्यात एखादं पिकलेलं केळं ठेव, त्याच्या वायूने रंग पटकन चढतो. पुरते लाल झाले आणि संपेनात, की मग फ्रिज.

हिरव्यांची चटणी करच. माझ्या मते टोमॅटोचा सगळ्यात चांगला उपयोग तोच, आणि बाजारातल्या टोमॅटोवर तो साधत नाही, कारण तिथे असे टणक हिरवे क्वचित मिळतात. फोडी हिरव्या मिरच्या आणि लसणीबरोबर तेलावर टाक आणि झाकण अजिबात ठेवू नकोस. झाकलंस की वाफेचं पाणी सुटतं, आणि इथे तर पाणी आटून फोडींना तांबूस डाग पडायला हवेत. आंबट वास जाऊन खरपूस वास आला की उतरव. भाजलेले तीळ, दाणे, जिरं, मीठ आणि गुळाचा खडा घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुट. मिक्सर घेतलास तर थांबत थांबत फिरव, गुळगुळीत झाली की मजा गेली. बाजरीच्या भाकरीबरोबर वाढ. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते, पण रोज कोरडा चमचा घाल.

लाल टोमॅटोंचं सार करताना नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि घातल्यावर खळखळून उकळायचं नाही, नाहीतर आंबटपणाने फाटतं. तुपात जिरं आणि कढीपत्त्याची फोडणी, चिमूटभर साखर, बस. कोशिंबिरीत मीठ पानं वाढायच्या वेळी. आणि डाळ-टोमॅटो एकत्र कुकरला लावत असशील तर ती सवय मोड. आंबटात डाळ लवकर शिजत नाही, जुनी तूर तर मुळीच नाही. आधी डाळ मऊ होऊ दे, टोमॅटो फोडणीत परत आणि मग एकत्र कर. बटाट्याच्या रस्स्यालाही हेच लागू.

आता साठवण. सॉसच्या फार मागे लागू नकोस. तासन् तास ढवळायचं आणि शेवटी हाती दोन बाटल्या लागायच्या. मुलांसाठी एक कर, पण स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ टोमॅटोच्या आंबटाला चालत नाही. झालं की नाही ते बघायला थेंबभर सॉस थंड बशीत टाक. कडेने पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटव.

त्यापेक्षा गर काढ. देठाच्या उलट बाजूला अधिक चिन्हासारखी चीर दे, उकळत्या पाण्यात मिनिटभर सोड, लगेच गार पाण्यात टाक, साल हाताने सुटते. पाणी न घालता शिजव, वाट, बर्फाच्या साच्यात घालून गोठव आणि वड्या पिशवीत भर. लागेल तेवढ्याच वड्या निघतात. वेळच नसेल तर टोमॅटो धुऊन पुसून अख्खे गोठव. नळाखाली धरले की साल निघून येते. हा गर बाटलीत भरून फडताळात मात्र ठेवू नकोस. टोमॅटोचा आंबटपणा प्रत्येक फळात सारखा नसतो, आणि कमी पडला तर बंद बाटलीत विषारी जंतू वाढू शकतात, वास किंवा चव बदलेलच असं नाही. गर फ्रीझरमध्येच बरा.

वाळवणाला जाड गराचे लांबट टोमॅटो घे. गावरान पातळ सालीचे रसाळ असतात, ते सारालाच द्यावे. उभे चार भाग कर, बिया आणि पाणी काढून सारात घाल, मीठ चोळ, साल खाली करून सुती कापडावर मांड आणि वर मलमल टाक. ऊन उतरायच्या आत घरात घे, नाहीतर दहिवराने दिवसभराची मेहनत ओली होते. फोड नुसती वाकली तर अजून ऊन हवं. कडकन मोडली की झाली. टोमॅटोत शेकडा 94 च्या आसपास पाणी असतं, त्यामुळे दहा किलोंचे जेमतेम अर्धा-पाऊण किलो होतात, हे आधीच धरून चाल. सगळ्यांची भुकटी एकदम करू नकोस, पावसाळ्यात तिचा गोळा होतो. फोडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव आणि लागेल तशी थोडी दळ.

ही मेहनत कशासाठी, असं वाटलं तर 2023 आठव. जुलैत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला होता, आणि सप्टेंबरात नाशिककडच्या शेतकऱ्यांना तोडणीचा खर्चही सुटेना. बाजार असा झुलत असताना आपल्या बरणीतल्या चमचाभर भुकटीवर आमटी निभते, हे मी पाहिलंय.

वाटायला दिलेस तर पाडाचे दे, लाल नकोत. शेजारणीच्या घरीही आधीच पडलेले असतात. आणि सगळ्यात निरोगी झाडाचं एक पूर्ण पिकलेलं फळ बियाण्याला ठेव, फक्त ते झाड संकरित वाणाचं नसावं, त्याच्या बीचं झाड आईवर जात नाही. बिया रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबव, वरचा बुळबुळीत थर धुऊन टाक, तळाला बसलेल्या बिया ताटलीत सावलीत वाळव. कागदावर पसरू नकोस, चिकटून बसतात.