मृत्यूची नोंद आणि जिवंतांचे रक्षण : विषारी दारू व नशेने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास

गावात एखादा कर्ता माणूस रात्रीतून गेला की दुसऱ्या दिवशी चावडीवर एकच वाक्य ऐकू येते : "हार्ट अटॅकने गेला." कधी ते खरे असते, कधी खोटे. अनेकदा खरे काय ते घरच्यांना ठाऊक असते, शेजाऱ्यांनाही ठाऊक असते, परंतु लाजेपोटी व पोलिसांच्या भीतीपोटी कोणी बोलत नाही. माणूस तर गेलेलाच असतो, मग त्याची बदनामी कशाला, असा साधा विचार त्यामागे असतो. हा विचार माणुसकीचा वाटला तरी त्याची किंमत दुसरे कोणीतरी प्राण देऊन चुकविते, हे प्रस्तुत लेखात आम्हांला दाखवावयाचे आहे.

विषारी दारू, नशेच्या गोळ्या, गुंगीची औषधे यांच्या सेवनाने होणारे मृत्यू मोजणे, त्यांचे खरे कारण शोधणे व त्या माहितीवरून पुढचे मृत्यू टाळणे, या कामाला सार्वजनिक आरोग्यशास्त्रात सर्वेक्षण म्हणतात. शब्द जड असला तरी आपल्या वेळापूरकरांना त्याची पद्धत नवी नाही. आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुरात मुक्कामी येते, तेव्हा आरोग्य खाते पाण्याचे नमुने तपासते, विहिरींत टीसीएल टाकते, जुलाबाचे रुग्ण किती आले याची रोज मोजदाद ठेवते. एका राहुटीतले दोन-चार रुग्ण एकाच टँकरचे पाणी प्यालेले निघाले, तर टँकर बंद करता येतो. पाण्याच्या बाबतीत जे आपण करतो, ते दारूच्या बाबतीत मात्र करीत नाही.

विष शरीरात काय करते ?

पिण्याच्या दारूत इथेनॉल असते. विषारी दारूत त्याच्या जागी किंवा त्याच्याबरोबर मिथेनॉल असते. हे रसायन रंग, रसायने व द्रावके यांच्या कारखान्यांत लागते आणि स्वस्त मिळते. रंगाने, वासाने ते दारूपेक्षा वेगळे ओळखू येत नाही. यकृतात त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड व नंतर फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर घाला घालते आणि रक्तातील आम्लता वाढवून प्राण घेते. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलने दृष्टी जाऊ शकते व तीस मिलिलिटरने मृत्यू येऊ शकतो.

यात सर्वांत घातक गोष्ट म्हणजे उशीर. मिथेनॉल प्याल्यावर पहिले बारा ते चोवीस तास फक्त नशा चढल्यासारखी वाटते. त्यानंतर डोके दुखणे, उलट्या, पोटात कळा, डोळ्यांपुढे धुके येणे, धाप लागणे ही लक्षणे सुरू होतात. म्हणून घरची माणसे "जास्त झाली असेल, झोपू द्या" असे म्हणतात आणि तेच तास हातचे जातात. वेळेवर दवाखान्यात नेले तर फोमेपिझोल हे औषध किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले इथेनॉल, सोडियम बायकार्बोनेट व डायलिसिस यांनी माणूस वाचू शकतो. (उतारा म्हणून घरीच आणखी दारू पाजणे मात्र प्राणघातक ठरेल, हे लक्षात ठेवावे.)

आता असे समजा की एका वस्तीत रात्री वीस जण एकाच भट्टीची दारू प्याले. पहाटे एक जण गेला. त्याच्या घरच्यांनी खरे कारण सांगितले, तर उरलेल्या एकोणीस जणांना दुपारपर्यंत दवाखान्यात नेता येईल. त्यांनी हार्ट अटॅक सांगितला, तर ते एकोणीस जण घरीच झोपून राहतील. पहिल्या मृत्यूची खरी नोंद म्हणजे बाकीच्यांचे औषध, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

महाराष्ट्रातील अनुभव

डिसेंबर २००४ मध्ये मुंबईच्या विक्रोळी भागात विषारी दारूने ८७ माणसे मेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी येथील लक्ष्मीनगर व आसपासच्या वस्त्यांत शंभराहून अधिक माणसे गेली. मृतांत बहुतेक रोजंदारीवर पोट भरणारे कष्टकरी होते. या खटल्यात २०२४ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरविले. निकालाला नऊ वर्षे लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे जिल्हा परिषद निवडणुकीच्या जेवणावळीत वाटलेल्या दारूने बळी घेतले. तपासात त्या बनावट दारूचा माग जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहापर्यंत पोहोचला होता.

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत दारूची दुकाने बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली. त्यांपैकी काहींवर नातेवाइकांनी प्रशासनाला न कळविताच अंत्यसंस्कार केल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या. ज्या देहाचे शवविच्छेदन झाले नाही, तो कोणत्या विषाने गेला हे सरकारच्या कोणत्याच वहीत खात्रीने लिहिता येत नाही.

देशाचे आकडे पाहिले तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे २०१६ ते २०२० या पाच वर्षांत भारतात विषारी दारूने ६१७२ मृत्यू झाले. हा आकडा केवळ पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या मृत्यूंचा आहे. जे "हार्ट अटॅक" म्हणून गेले, ते त्यात नाहीत.

दारूशिवाय इतर नशाही आहेत. ताडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेटची भुकटी पाण्यात कालवून विकणाऱ्यांवर राज्य उत्पादन शुल्क खात्याने वेळोवेळी धाडी घातल्या आहेत. मालेगावात "कुत्ता गोळी" म्हणून जी विकली जाते, ती मुळात अल्प्राझोलम हे झोपेचे व चिंतारोगाचे औषध आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधेही नशेसाठी वापरली जातात. यांतील दोन-तीन पदार्थ दारूबरोबर घेतले की श्वास मंदावत जातो आणि माणूस झोपेतच जातो. अशा मृत्यूत अंगावर जखम नसते, तोंडाला फेस असेलच असेही नाही. व्हिसेरा तपासल्याशिवाय कारण कळत नाही.

नोंद कशी होते आणि कोठे अडते ?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना ४ मध्ये व घरी झाला तर उपचार करणारे डॉक्टर नमुना ४-अ मध्ये कारण लिहितात. २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देणे बंधनकारक झाले आहे. हा कागद मागून घेणे हा आपला हक्क आहे. तरीही २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले मृत्यू सुमारे २२ टक्केच होते.

त्यातही पुष्कळ दाखल्यांवर "हृदयक्रिया बंद पडून मृत्यू" एवढेच लिहिलेले असते. हृदयक्रिया तर प्रत्येक मरणाऱ्याची बंद पडते. ती कशाने बंद पडली, हे लिहिले तरच दाखल्याला अर्थ आहे.

संशयास्पद मृत्यूत पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात व पंचनामा होतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे होते. शवविच्छेदनानंतर व्हिसेरा न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. त्याचा अहवाल यावयास वेळ लागतो, आणि आल्यावर तो पोलिसांच्या फाइलीत राहतो. गावच्या आरोग्यसेविकेला, आशाताईला किंवा ग्रामपंचायतीला तो सहसा कळत नाही. मृत्यूचे कारण एका कचेरीत आणि मृत्यू टाळू शकणारी माणसे दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

इतरांनी काय केले ?

अमेरिकेत २०२१ साली नशेच्या पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मेली. तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०१६ पासून एक पद्धत सुरू केली. मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि रक्तातील विषाची तपासणी हे तीनही कागद एका ठिकाणी आणून प्रत्येक मृत्यूची हकीकत लिहावयाची. त्यातून केवळ फेंटानिल नावाचे विष पसरत आहे एवढेच कळले नाही. २०१९ च्या नोंदींत असेही दिसले की, मृतांपैकी पाचांत तिघांहून अधिक जणांना वाचविण्याची काहीतरी संधी होती : कोणी शेजारी हजर होते, कोणी नुकतेच तुरुंगातून सुटले होते, कोणावर आधी उपचार झाले होते. यावरून कोणास नॅलोक्सोन हा उतारा द्यावयाचा, तुरुंगातून सुटणाऱ्याकडे लक्ष कसे ठेवावयाचे, हे ठरविता आले. २०२४ मध्ये तेथील मृत्यू सुमारे ८० हजारांपर्यंत खाली आले. त्यास कारणे अनेक आहेत, परंतु मोजल्याशिवाय वाढही कळली नसती आणि घटही कळली नसती.

इतके दूर जावयाचे नसेल तर गडचिरोली पाहावे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे "सर्च" संस्थेचे काम सुरू केले. गावोगावी जन्म-मृत्यू मोजले, बालके कशाने मरतात ते घरोघर विचारले, आणि मग गावातल्याच बायकांना उपचार शिकविले. त्या भागातील बालमृत्यूचा दर हजारी १२१ वरून ३० पर्यंत उतरला. आधी मोजणी आणि नंतर उपाय, हाच त्यांचा क्रम होता.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातही २०२१ मध्ये ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी "ऑपरेशन परिवर्तन" हाती घेतले. प्रथम हातभट्टीची ठिकाणे शोधून यादी केली, एकेका गावाची जबाबदारी एकेका अधिकाऱ्यावर दिली आणि मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी भट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळावा म्हणून प्रयत्न केले. धाड घालून भट्टी फोडली तर ती आठ दिवसांत पुन्हा पेटते. पोटाची सोय झाली तर विझण्याची शक्यता असते.

आपण काय करावे ?

पंचशीलातील पाचवे शील मद्य व मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु शील मोडले म्हणून माणसाचा जीव स्वस्त होत नाही. जो व्यसनात सापडला त्याच्याविषयी करुणा आणि जो अजून सापडला नाही त्याच्याविषयी सावधानता, ही दोन्ही आपली कर्तव्ये आहेत. म्हणून आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

१. प्रत्येक विहारात किंवा मंडळात एक वही ठेवावी. साठ वर्षांखालील व्यक्तीचा अचानक मृत्यू झाला तर तारीख, वय, स्त्री-पुरुष, आदल्या दोन दिवसांत काय खाल्ले-प्याले, लक्षणे कोणती व दवाखान्यात किती तासांनी नेले, एवढेच लिहावे. नाव लिहू नये, क्रमांक लिहावा. ही वही कोणाची बदनामी करण्यासाठी नाही.

२. एकाच वस्तीत एक-दोन दिवसांत दोघांना उलट्या, पोटदुखी व अंधुक दिसणे सुरू झाले, तर तिसऱ्याची वाट पाहू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे आणि तीच दारू आणखी कोण प्याले ते घरोघर जाऊन विचारावे. बाटलीत उरलेली दारू ओतून न देता डॉक्टरांकडे किंवा पोलिसांकडे द्यावी.

३. अशा मृत्यूत शवविच्छेदनास विरोध करू नये. मृत्यूची खबर दिली म्हणून नातेवाइकांवर गुन्हा होत नाही. उलट नुकसानभरपाई असो वा खटला, पुरावा तोच असतो.

४. वर्षातून दोनदा ही वही आरोग्यसेविका, आशाताई व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर वाचावी. मृत्यू पगाराच्या दिवशी होतात की बाजाराच्या, कारखान्याच्या गळीत हंगामात होतात की निवडणुकीत, हे त्यातून दिसेल आणि त्या दिवसांत पहारा वाढविता येईल.

५. विषबाधेबाबत सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक व व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मृत्यूंचे आकडे हाती आले की "ही वस्तीच तसली" असे म्हणणारे पुढे येतात. विषारी दारू गरिबांच्या वस्तीत जास्त बळी घेते, कारण तेथे स्वस्त दारू पोहोचते आणि दवाखाना उशिरा पोहोचतो. आकड्यांचा उपयोग वस्तीला नावे ठेवण्यासाठी नव्हे, तर वस्तीत रुग्णवाहिका लवकर यावी, औषध जवळच्या रुग्णालयात असावे व भट्टीमागचा खरा मालक सापडावा यासाठी झाला पाहिजे. ती मागणी करावयाची तर हातात वही हवी.

गेलेल्या माणसाचे कारण झाकून त्याची अब्रू राहते, असे आपण समजतो. आमच्या मते, त्याच्या मृत्यूमुळे शेजारचा एक तरी माणूस वाचला, तर त्यातच त्याचा खरा सन्मान आहे.