पदवीच्या नावात 'नॅनो' हवंच का?

प्रवेशाच्या दिवसांत 'बी.टेक. नॅनोटेक्नॉलॉजी'ची जाहिरात वाचून पालकांना वाटतं, सरकार एवढे पैसे ओततंय म्हणजे नोकऱ्याही येणारच. पैसे ओतलेत हे खरं. २००७ साली केंद्राने नॅनो मिशनसाठी पाच वर्षांकरता १००० कोटी रुपये मंजूर केले. मोहालीची नॅनो विज्ञान संस्था याच मिशनच्या छत्राखाली उभी राहिली. पण हा पैसा गेला तो मुख्यतः उपकरणं, प्रयोगशाळा आणि फेलोशिपवर. त्यातून संशोधक घडतात, पगारी जागा आपोआप निघत नाहीत. खासगी पैसा उशिरा येतो आणि वस्तू विकायची वेळ झाली की येतो. आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातली कीटकनाशकं काढणारं नॅनो-चांदीचं तंत्र शोधलं, त्यावरचे फिल्टर कंपनीने बाजारात आणले. असा फिल्टर बनवायचा तर रसायनतज्ज्ञ लागतो, साचे करणारा मेकॅनिकल इंजिनिअर लागतो, गुणवत्ता तपासणारा लागतो. 'नॅनो' हा त्यांच्या कामाचा आकार आहे, विषय नव्हे. म्हणून पदवी रसायन, भौतिकशास्त्र, मेटलर्जी किंवा इलेक्ट्रॉनिक्सची घ्यावी आणि नॅनो एम.एस्सी., एम.टेक.ला गाठावं.

यावर कुणी सेमीकंडक्टरकडे बोट दाखवेल. २०२१च्या अखेरीस केंद्राने ७६,००० कोटींची योजना आणली, धोलेऱ्याला टाटांचा ९१,००० कोटींचा कारखाना उभा राहतोय, आणि तिथे २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिप बनवायच्या आहेत. इथे नोकऱ्या आहेत, हे मान्यच. मात्र चिपच्या कारखान्याला व्हॅक्यूम यंत्रणा, वायू, रसायनं आणि यंत्रं सांभाळणारी माणसं हवी असतात, त्यात डिप्लोमावालेही आले. म्हणजे मूळ शाखा पक्की असलेल्याचंच पारडं पुन्हा जड. जाहिरातीतल्या अभ्यासक्रमाला जायचंच असेल तर एकच चौकशी करावी: विद्यार्थ्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर स्वतः बसू देतात, की काचेपलीकडून दाखवतात?

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: पुढे संशोधनात गेलं तर पीएच.डी. होईपर्यंत पोरगं अठ्ठावीस-तीसचं होणार, तोवर घर कोण चालवणार? २०२३पासून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. पण ती कधीकधी महिनोन्‌महिने रखडते, हेही हिशोबात धरावं. घरावर कर्ज असेल तर एम.टेक. करून कारखान्यात शिरणं शहाणपणाचं. संशोधनाची ओढ असेल तर कंपनीतून परतून पीएच.डी. करणारेही असतात, फक्त वय आणि सवय आडवी येते.