तिसऱ्या शिजविण्याची योग्य रीत

कोकणातील खाड्यांत मिळणाऱ्या तिसऱ्या, म्हणजेच शिवल्या, हे प्रथिने व लोह पुरविणारे अन्न होय. तथापि निवडीत वा शिजविण्यात हयगय झाल्यास ते चिवट, कचकचीत व प्रसंगी अपायकारकही ठरते.

निवड : तिसऱ्या जिवंतच घ्याव्यात. उघड्या शिंपल्यावर टिचकी मारली असता तो मिटला नाही, तर ती मेलेली समजून टाकावी. हा प्राणी पाणी गाळून अन्न मिळवितो. त्यामुळे पाण्यातील रोगजंतूही त्याच्या अंगात साठतात. म्हणून सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीतील तिसऱ्या घेऊ नयेत.

वाळू काढणे : १ लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तिसऱ्या २ तास ठेवाव्यात. गोड्या पाण्यात त्या शिंपले मिटून घेतात व वाळू आतच राहते. नंतर त्या चोळून धुवाव्यात.

शिजविणे : पातेल्यात थोडे पाणी उकळून तिसऱ्या घालाव्यात व झाकण ठेवावे. शिंपले उघडल्यावर आणखी ३ ते ५ मिनिटे उकळू द्यावे. रोगजंतूंच्या नाशासाठी हे आवश्यक आहे. त्याहून अधिक काळ शिजविल्यास मांस आकसून चिवट होते. न उघडलेल्या तिसऱ्या टाकून द्याव्यात.

उरलेले पाणी फेकू नये. ते फडक्यातून गाळून ओल्या खोबऱ्याच्या वाटणात घातल्यास कालवणास उत्तम चव येते. हे पाणी मुळातच खारट असल्याने मीठ चाखूनच घालावे.