शिंदळ माकुडी : सह्याद्रीतील एका दुर्मीळ वनस्पतीचा औषधी व शोभिवंत दृष्टीने विचार

शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा अशा मोजक्या ठिकाणांच्या कड्यांवर, जेथे शेळीचे तोंड सहसा पोहोचत नाही अशा कपारींतून, शिंदळ माकुडी लोंबताना दिसते. महाराष्ट्राबाहेर ती नैसर्गिक अवस्थेत आढळत नाही. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील डॅल्झेल यांनी 1860 च्या दशकात जुन्नर परिसरातून तिचे प्रथम वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. पुढे काही शास्त्रज्ञांनी तिला कॅरलुमा, तर काहींनी बूसेरोसिया या प्रजातीत घातले. त्यामुळे संदर्भग्रंथ चाळताना ही तिन्ही नावे पाहावी लागतात. रुईचे कुल आता कण्हेरीच्या कुलात समाविष्ट झाले असल्याने कुलाचे नावही जुन्या-नव्या ग्रंथांत वेगवेगळे मिळेल.

या वनस्पतीचे कांड मांसल, गोलसर व लोंबते असते. पावसाळ्यात तिला चपटी, रुंद, मांसल पाने येतात. तिच्या गटातील इतर वनस्पतींची पाने नाममात्र असतात, म्हणून हे लक्षण महत्त्वाचे. पर्जन्यकाळात व त्यानंतर सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची, पाच पाकळ्यांची, ताऱ्यासारखी फुले येतात. रंग गर्द तांबडा, त्यावर पिवळे ठिपके, कडेला बारीक लव. कोरडा काळ सुरू झाला की पाने गळतात आणि उघडे कांड तेवढे उरते.

आमच्या दृष्टीने खरा धोका येथेच आहे. माळरानावर मिळणारी माकडशिंग (कॅरलुमा अॅडसेंडेन्स, प्रकार फिंब्रिएटा) हीदेखील कित्येक भागांत ‘माकुडी’, ‘शिंदळ माकडी’ अशाच नावांनी ओळखली जाते. तिला बाजारात मागणी आहे आणि ती गोळा करून विकली जाते. उन्हाळ्यात दोन्ही वनस्पती पर्णहीन असताना केवळ नावावर विसंबून माल घेतला, तर दुर्मीळ वनस्पती पोत्यात शिरण्यास वेळ लागणार नाही. ओल्या मालात ओळख सोपी आहे : माकडशिंगेचे कांड चौधारी, शिंदळ माकुडीचे गोलसर. वाळून सुरकुतलेल्या मालात हा भेद पुसट होतो. म्हणून फार्मसीचालकांनी अशी कांडे शक्यतो ओलीच पाहून घ्यावीत आणि आडवा छेद तपासल्याशिवाय माल उतरवून घेऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

औषधी गुणांचा विचार करताना प्रथम हे मान्य केले पाहिजे की प्रचलित निघंटूंमध्ये या वनस्पतीची निःसंदिग्ध नोंद नाही. ती अनुक्त द्रव्यांत मोडते. अनुक्त द्रव्याचा विचार आपल्या शास्त्राला वर्ज्य नाही. गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांच्याकडून वनस्पतींची नावे व रूपे जाणून घ्यावीत, असे चरकाचार्यांनी सुचविले आहे. परंतु नामरूपज्ञानाने योगज्ञान होत नाही, हेही त्यांचेच सांगणे आहे. मांसल व जलांश अधिक म्हणून शीत, असे घाईचे अनुमान आम्हांस मान्य नाही. रस प्रत्यक्ष जिभेने कळतो. वीर्य व विपाक मात्र कर्मावरूनच ठरवावे लागतात आणि त्यासाठी या द्रव्याचा पुरेसा प्रयोग झालेला नाही.

उरतो तो सजातीय द्रव्यांचा आधार. माकडशिंगेत प्रेग्नेन ग्लायकोसाइड या वर्गातील द्रव्ये असतात व ती भूक कमी करतात असे मानले जाते. बंगळूर येथील अभ्यासकांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. त्यात 50 स्थूल व्यक्तींना 60 दिवस, रोज एक ग्रॅम अर्क किंवा निरौषध पूड देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांची कंबर व भुकेची जाणीव तुलनेने कमी झाली, परंतु वजनात दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. जाहिरातींत पहिले अर्धे वाक्य येते, दुसरे येत नाही. स्थौल्याचे रुग्ण पाहणाऱ्या वैद्यांनी दोन्ही ध्यानात ठेवावीत. आणि हा निष्कर्ष माकडशिंगेचा आहे, शिंदळ माकुडीचा नव्हे.

याच गटातील आफ्रिकेतील हूडिया या वनस्पतीचे उदाहरण बोलके आहे. कालाहारीतील सान लोक भूक-तहान मारण्यासाठी ती चघळत. तेथील शासकीय संशोधन संस्थेने तिच्या घटकाचे पेटंट घेतले. सान लोकांशी लाभवाटपाचा करार मात्र 2003 साली झाला. त्याच वर्षी एका बड्या औषध कंपनीने प्रकल्पातून अंग काढून घेतले, 2008 मध्ये दुसऱ्या कंपनीनेही. दरम्यान रानातील हूडियावर एवढा ताण आला की 2004 मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. औषध सिद्ध झालेच नाही, रान मात्र ओरबाडले गेले. हूडियाचे क्षेत्र विस्तीर्ण होते. आपल्या माकुडीचे कडे बोटांवर मोजण्याएवढे आहेत.

कायद्याच्या बाजूनेही घाईला जागा नाही. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदीय ‘पेटंट अथवा प्रोप्रायटरी’ औषधात प्रमाणग्रंथांतील योगांत आलेलीच घटकद्रव्ये वापरता येतात. सबब हे द्रव्य उद्या गुणकारी ठरले तरी ते थेट कल्पात घालता येणार नाही. जैविक विविधता कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीने संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानास सवलत दिली आहे, परंतु ग्रंथात नसलेल्या वनस्पतीस तिचा आधार कसा घेणार?

शोभेची वनस्पती म्हणून मात्र हिचे भवितव्य आजच उघड आहे. टांगत्या कुंडीत ती कड्यावरच्यासारखीच खाली लोंबते, भर पावसाळ्यात फुलते व फारशी निगा मागत नाही. परदेशातील मांसल वनस्पतींचे शौकीन ती कित्येक वर्षे जोपासत आहेत. आपल्याच पुण्या-साताऱ्याच्या गच्च्यांवर ती अजून विरळा, याचे नवल वाटते. कांडाच्या कलमापासून रोप सहज होते. वीतभर कांड घेऊन कापलेली बाजू चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यावी, नंतर जाड वाळू, मुरूम व थोडे पालापाचोळ्याचे खत यांच्या मिश्रणात लावावे. पाणी तुंबता कामा नये. हिवाळ्यात पाने गळू लागली की रोप मेले असे समजून लोक अधिक पाणी घालतात आणि मग ते खरोखरच कुजते. ऊतिसंवर्धनानेही रोपे तयार करता आली आहेत.

एका मातृवृक्षाची शंभर कलमे म्हणजे शंभरपट वनस्पती नव्हे, जनुकीय दृष्ट्या ते एकच झाड होय. या फुलांतील पराग सुटा नसून पुंजरूपाने असतो, माश्यांवाचून तो हलत नाही आणि फळे क्वचित धरतात. म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या वंशाची रोपे शेजारी ठेवून बीज धरण्याचा प्रयत्न व्हावा. रासायनिक परीक्षणासही लागवडीतीलच कांडे वापरावीत. मूळ कलम कड्यावरून नव्हे, तर वनस्पती उद्यानातून अथवा विद्यापीठाच्या संग्रहातून मागून घ्यावे. संरक्षित किल्ला व राखीव वन यांतून परवानगीवाचून फांदीही तोडता येत नाही.

ज्या सभासदांच्या औषधी बागेत ही वनस्पती आहे, त्यांनी प्रत्येक कुंडीवर कलम कोठून मिळाले व केव्हा लावले हे लिहून ठेवावे आणि फुलोऱ्यात एक फांदी दाबून, वाळवून नमुना जतन करावा. रानातील स्थळ नोंदविताना तालुक्याचे नाव पुरे. कड्याची नेमकी जागा छापण्याचे कारण नाही.