आज्ञा आणि प्रवृत्ती : असन्निधीतील साधकाचा विश्वास

परमेश्वर सर्वज्ञ आहे, सर्वसमर्थ आहे, कृपाळू आहे; मग मागितलेले का मिळत नाही, हा प्रश्न वासनिकाच्या घरी दुखणे आले म्हणजे दाराशी येऊन उभा राहतो. एरवी प्रसादसेवा चालू असते, पारायण चालू असते, महंतांचे निरूपण ऐकून मान डोलत असते. परंतु मूल तापाने फणफणले, औषधोपचार थकले, देवपूजेपुढे बसून रात्र काढली आणि तरीही जे होऊ नये ते झाले, म्हणजे निरूपणातले शब्द आठवत नाहीत. शेजारी सांगतात, अमुक देवीला नवस बोला. आणि पिढ्यान् पिढ्या अनन्य राहिलेल्या घराचा एक पाय उंबरठ्याबाहेर पडतो. हा प्रसंग काल्पनिक नव्हे. उपदेशी घरांतून तो वारंवार घडत आला आहे. म्हणून त्याचा विचार शास्त्राच्या आधारे, परंतु त्या घरातील दुःख डोळ्यांपुढे ठेवून केला पाहिजे.

शास्त्राची मांडणी प्रथम पाहावी. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न होत. देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त, परमेश्वर नित्यमुक्त. स्वर्ग, नरक, कर्मभूमी आणि मोक्ष या चार फळांपैकी पहिली तीन जीवाच्या कर्मानुसार देवताचक्राकडून प्राप्त होतात; चौथे फळ परमेश्वरावाचून कोणीही देऊ शकत नाही. याचा अर्थ असा की जो नवस बोलून फळ मागतो तो देवाणघेवाणीच्या दालनात उभा आहे, आणि त्या दालनाचा कारभार परमेश्वराचा नव्हे. परमेश्वरापाशी नारळ वाढवून पुत्र, खण देऊन आरोग्य, असा हिशेब नाही. तेथे देणे आहे ते स्वतःचेच देणे आहे. वासनिकाची चूक बहुधा येथेच होते : तो परमेश्वराला मोठी देवता समजतो, आणि मोठ्या देवतेकडून मोठे फळ न मिळाल्यास लहान देवतेकडे वळतो.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. लीळाचरित्रात स्वामींनी कित्येकांची दुःखे निवारली, कित्येकांचे मनोरथ पुरविले असे दिसते. तेव्हा परमेश्वर ऐहिक दुःखाकडे पाहतच नाही असे कसे म्हणावे? असे कोणी म्हणूही नये. परंतु तोच ग्रंथ नीट वाचला तर दिसेल की ज्यांच्यावर स्वामींची सर्वांत अधिक कृपा, त्यांनाच सर्वांत मोठा नकार मिळाला. हा नकार आचार्य श्रीनागदेवांच्या वाट्याला आला.

श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनाचा काळ कोणी शके ११९४ मानतात, कोणी शके ११९६. भटोबासांसारख्या भक्ताला त्या वेळी काय हवे होते हे सांगण्यास फार विद्वत्ता लागत नाही. सन्निधान सुटू नये, एवढेच त्यांना हवे होते. त्यात पुत्र नाही, धन नाही, मान नाही. साधकाने मागावे असे याहून शुद्ध दुसरे काय असेल? आणि तेच नाकारले गेले. स्वामींनी त्यांना ऋद्धपुरास, श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस जाण्याची आज्ञा केली, स्मरणाचा विधी सांगितला, महाराष्ट्रात राहावे असे सांगितले, आणि आपण उत्तरेस निघाले.

पंथीय ग्रंथांत परमेश्वराच्या अशा संकल्पासाठी ‘प्रवृत्ती’ हा शब्द येतो. आजच्या व्यवहारात प्रवृत्ती म्हणजे मनाचा कल, सवय. येथे तो अर्थ घेऊ नये. अमुक करावे, अमुक ठिकाणी जावे, अशी परमेश्वराची स्वतंत्र इच्छा ती प्रवृत्ती. तिला कर्म कारण नाही, जीवाची याचना कारण नाही, आणि तिचा हेतू जीवाच्या बुद्धीला उलगडत नाही. आज्ञेचे तसे नाही. आज्ञा जीवासाठीच असते, जीवाच्या भाषेत असते, आणि कळण्यासारखी असते. स्वामी उत्तरेस का गेले, ही प्रवृत्ती. ऋद्धपुरास जावे, ही आज्ञा. आचार्यांपुढे त्या घडीला ही दोन्ही एकदम आली. त्यांनी पहिलीचा उलगडा मागत मार्गावर बसून राहणे अशक्य नव्हते. माणसे आयुष्यभर तसे बसतात. ते ऋद्धपुरास गेले.

ते शांत मनाने गेले असे मात्र समजू नये. विरहाने ते किती व्याकुळ होते हे परंपरेने झाकून ठेवलेले नाही. कित्येक उपदेशक विश्वास म्हणजे न रडणे असे सांगतात. आचार्यांचे चरित्र त्यांना आधार देत नाही. परमेश्वराच्या वियोगाचे दुःख आपल्या मार्गात दोष मानले जात नाही, उलट ते जपण्याची वस्तू आहे. दोष आहे तो दुःखाच्या भरात आज्ञा सोडण्यात.

ऋद्धपुरास त्यांना मिळाले ते काय, हेही पाहण्यासारखे आहे. स्वामी निरूपण करीत, शंका फेडीत, दृष्टांत सांगत. श्रीप्रभूंचा अवतार वेगळा. लोक त्यांना वेडा राऊळ म्हणत. कधी प्रसन्न, कधी कोपलेले. वाढलेले अन्न कधी आवडीने आरोगावे, कधी टाकून उठावे. खेळ कोठे सुरू होईल आणि कोठे थांबेल याचा नेम नाही. कारण सांगण्याची तेथे रीतच नव्हती. ज्याला एका प्रवृत्तीचा अर्थ लागला नव्हता त्याला आता रोज, घडोघडी, अर्थ न लागणाऱ्या प्रवृत्तीच्या सेवेत ठेवले गेले. सुमारे बारा-चौदा वर्षे ही सेवा चालली. याच सहवासात महदाइसेचे धवळे झाले, याच ऋद्धपुरात वाजेश्वरीच्या देवळात म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा लिहून काढण्याचे काम केले. आणि शके १२०९ च्या सुमारास श्रीप्रभूंचेही सन्निधान संपले. आचार्यांना दुसऱ्यांदा तोच आघात सोसावा लागला, आणि या वेळी पुढे जाण्यासाठी दुसरे ऋद्धपूर नव्हते. स्मृतिस्थळ हा ग्रंथ या नंतरच्या काळाची आठवण होय. त्यात अवतार नाही. असन्निधीत राहिलेली माणसे आहेत, त्यांचे रुसवे, शंका, भिक्षा, अटन, आणि मध्ये आचार्य.

श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या चरित्रात उद्धवदेवांची कथा याच जातीची. आपल्याला सोडून जाऊ नये, आपल्यासह न्यावे, अशी त्यांची विनवणी. आणि मिळाली ती बदरिकाश्रमास जाण्याची आज्ञा. भास्करभट्ट बोरीकरांनी उद्धवगीतेसाठी एकादश स्कंधातील हाच विषय निवडला, हे ध्यानी घेतले म्हणजे आपल्या पूर्वाचार्यांना हा प्रश्न किती जवळचा होता ते कळते.

नकार परमेश्वराकडूनच येतो असे नाही. केसोबासांसारखा संस्कृतज्ञ पंडित. त्यांच्या मनात स्वामींचा विचार संस्कृतात बांधावा असे आले. त्यात स्वार्थ नव्हता. तत्कालीन विद्वत्सभेत पंथाचे शास्त्र मान्य व्हावयाचे तर तोच राजमार्ग होता, असे कोणीही म्हटले असते. आचार्यांनी नको म्हटले. कारण दिले ते एवढेच की त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. पंडिताची योजना अक्षरही न जाणणाऱ्या वृद्धांसाठी मोडली गेली. केसोबासांनी ती मोडू दिली. सूत्रपाठ आज मराठीत आहे, तो त्यांच्याच हातचा.

आता पुन्हा त्या दुःखी घराकडे वळावे. तेथे जाऊन, हे तुमच्याच कर्माचे फळ, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सिद्धान्त म्हणून ते वाक्य खोटे नाही. परंतु सांगणाऱ्याला त्या जीवाचे कर्म दिसत नसते. ते केवळ परमेश्वराला दिसते. न दिसलेल्या गोष्टीची साक्ष देणे हा अधिकाराचा अतिक्रम होय, आणि मृत बालकाच्या मातेपुढे तो केला तर क्रौर्यही होय. तसेच, हे तुमच्या भल्यासाठीच झाले असे म्हणणेही टाळावे. तो प्रवृत्तीचा अर्थ लावण्याचाच प्रयत्न आहे, फक्त गोड शब्दांत. त्या घरी जाणाऱ्याने जवळ बसावे, नामस्मरण करावे, चूल पेटली नसेल तर पेटवावी. वैद्य, डॉक्टर, औषध यांचा मार्ग कोणी अडविलेला नाही. प्रयत्न सोडणे म्हणजे विश्वास नव्हे. आणि परमेश्वरापाशी मागूच नये असेही नाही. लेकरू आईपाशी सर्वच मागते. मागण्याला उत्तर न आल्यास दुसऱ्या दारी जाऊ नये, एवढाच अनन्यतेचा अर्थ आहे. आणि जो शोकाच्या रात्री एकदा गेला असेल त्याला परत येताना दार उघडे सापडावे, हे पाहणे महंतांचे काम आहे.

उत्तर आले नाही म्हणजे काही करावयाचे उरले नाही असे मात्र होत नाही. आज्ञा उरतेच. तिचा एक पुरावा पंथाच्या इतिहासातच आहे. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडून ती विचारून, आचार्यांकडून तपासून घेऊन सिद्ध केलेली लीळाचरित्राची पोथी पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली. एवढ्या सायासाने केलेले, परमेश्वराच्याच लीळांचे, कोणताही ऐहिक लोभ नसलेले काम, आणि ते राखले गेले नाही. ते का राखले गेले नाही याचे उत्तर कोठेही लिहिलेले नाही. परंतु असन्निधीत लीळा, मूर्ती, चेष्टा, नाम यांचे स्मरण करीत राहावे ही आज्ञा होती, आणि ती पाळणारी माणसे जिवंत होती. ती पोथी वाचविण्यासाठी स्मरण करीत नव्हती. सांगितले होते म्हणून करीत होती. ज्या म्हाताऱ्यांसाठी आचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्याच पंक्तीतील हिराइसेला लीळा मुखोद्गत होत्या. तिच्या व इतरांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा लिहिले गेले.

पूर्वीचे सर्व जसेच्या तसे परत आले नाही. एकीच लीळा एकाला एका क्रमाने आठवली, दुसऱ्याला दुसऱ्या. कोठे गावाचे नाव बदलले, कोठे एक वाक्य अधिक आले. नकल करणाऱ्यांनी त्यांतील कोणते खरे याचा निवाडा केला नाही. एकाचा पाठ लिहून त्याशेजारी, हिराइसा असे म्हणते, अमका असे म्हणतो, अशी नोंद ठेवली, आणि पुढची लीळा लिहावयास घेतली.