छोटी मोटार : इचलकरंजीचा धडा

अल्प इंधनात चालणारी छोटी मोटार सामान्य कुटुंबास परवडावी, हा विचार कोल्हापूर जिल्ह्यात फार पूर्वीच मूर्त झाला होता. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ मोटारीचा पहिला दोन आसनी नमुना तयार केला. पुढे त्यांनी तीत अनेक सुधारणा केल्या. स्प्रिंगांऐवजी रबराचा उपयोग केला. तथापि तिचे कारखान्यात उत्पादन होऊ शकले नाही. १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० मात्र देशभर पोहोचली. कारण तिच्यामागे शासन, भांडवल आणि सुट्या भागांची व्यवस्था होती. मोटार घेणाऱ्यानेही किंमत व इंधनाबरोबरच दुरुस्तीची सोय जवळ आहे किंवा नाही, हे पाहावे. आणि गावातील कल्पक कारागिरास वेळीच पाठबळ मिळवून देणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी आपले कर्तव्य मानावे.