आई-बाबांच्या डब्यात नवी गोळी टाकण्याआधी

अगं, आई-बाबांची काळजी वाटते म्हणूनच तू फिश ऑइल, मल्टिव्हिटॅमिन मागवतेस, ते मला कळतं. पण जरा बस, मोठी बहीण म्हणून सांगते ते ऐक.

बाबांना जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते? रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो, उशीवर उशी घ्यावी लागते, पावलं सुजतात? मग 'वय झालं' म्हणून ताकदीची गोळी देऊ नकोस. हृदय कमजोर झाल्याची ती खूण असू शकते. अंगात रक्त कमी असलं तरी दम लागतो. आधी ईसीजी, टू-डी एको, हिमोग्लोबिन. गोळीचं नंतर बघू.

आता फिश ऑइल. अमेरिकेत जवळपास 26 हजार लोकांवर 'व्हायटल' नावाचा अभ्यास झाला. 2018 मध्ये निष्कर्ष आले. रोज 1 ग्रॅम ओमेगा-3 घेऊनही हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण म्हणावं तसं घटलं नाही. उलट जास्त मात्रेने काहींचे ठोके अनियमित होतात.

बाबांनी वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढली असेल, तर बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मुळीच नकोत. फिनलंडमध्ये 29 हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्यांचा प्रयोग झाला. 1994 मध्ये कळलं, की गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. गाजर खुशाल खाऊ देत, गोळी नको.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लसणाच्या किंवा गिंकोच्या कॅप्सूलने रक्तस्राव वाढू शकतो. वॉरफरिन किंवा एसिट्रोम असेल, तर व्हिटॅमिन 'के' तिचा परिणाम कमी करतं. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल घेणाऱ्यांना पोटॅशियमवालं 'लो सोडियम' मीठ परस्पर देऊ नकोस. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम वाढून ठोक्यांवर बेततं. आणि आई केसांसाठी बायोटिन घेते ना? त्याने हार्ट अ‍ॅटॅकची ट्रोपोनिन चाचणी चुकू शकते. तपासणीच्या वेळी तेही सांग.

सगळंच फुकट असं मी म्हणत नाही. शाकाहारी आहेत, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू आहे, तर बी-12 तपासून घे. कमी निघालं तर जरूर द्यायचं. व्हिटॅमिन 'डी'चं 60,000 युनिटचं पाकीट मात्र रोजचं नसतं. डॉक्टरांनी आठवड्याला एक सांगितलं तर एकच, आणि तेही सांगितलं तेवढेच आठवडे.

पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या बाटल्या, चूर्णं, काढे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेव. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही विचार. छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर कुठलीही गोळी शोधत बसू नकोस. लगेच 108 लाव.